कादंबरी पाडव्यापासून, अंक आषाढापासून

लिहिण्या-छापण्याच्या व्यवहाराबद्दल वाचक विचारतात, त्याची उत्तरं या सदरात देतो. या खेपेला सोलापुरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची निघाली: स्वतः कादंबरी लिहायची आणि जोडीला अंकही काढायचा. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न आटोपशीर करून घेतले आहेत.

बँकेत नोकरी करतो. कादंबरी निम्मी लिहून झाली आहे. मित्रमंडळी दिवाळी अंक काढायचं म्हणताहेत आणि संपादक मीच व्हावं असा आग्रह आहे. दोन्ही कामं एका माणसाला झेपतात का? आधी कुणी केली आहेत का?
— वाचक, जुळे सोलापूर

झेपतात, पण एकाच महिन्यात झेपत नाहीत.

आधी कुणी केली, याचं उत्तर सोपं आहे. मराठी सामाजिक कादंबरी ज्यांच्या हातून उभी राहिली, तेच साप्ताहिकाचे संपादक होते. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढलं आणि पंचवीसहून जास्त वर्षं चालवलं. ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातच हप्त्याहप्त्यानं आली. अंकाला दर आठवड्याला मजकूर हवा असायचा, त्यामुळे कादंबरी पुढे सरकत राहिली, हा त्यातला लाभ. तोटाही त्याच कारणानं झाला: पाल्हाळ शिरला आणि काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. साने गुरुजींचा क्रम उलटा होता. ‘श्यामची आई’ आधी लिहून झाली, ‘साधना’ साप्ताहिक त्यांनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलं. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. त्यांनी ‘वाचा’ चालवलं ते अनियतकालिक म्हणून. हा शब्द नीट पाहून ठेवा. जमेल तेव्हा काढू, असं नावातच सांगून टाकलेलं. ह. मो. मराठे यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि ‘किर्लोस्कर’चं संपादनही केलं, पण तिथं संपादकपद ही पगाराची नोकरी होती. पगारी संपादकाचा दिवस मालक ठरवतो. स्वतःचा अंक काढणाऱ्याचा दिवस जाहिरातदार, छापखाना आणि उशिरा मजकूर देणारा लेखक मिळून ठरवतात. तुम्ही या दुसऱ्या प्रकारात मोडता.

पोटाचा धंदा वेगळाच ठेवावा लागतो. नेमाड्यांनी आयुष्यभर शिकवलं, अक्कलकोट तालुक्यातले शरणकुमार लिंबाळे मुक्त विद्यापीठात होते, २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. मानधनाचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. ३०० रुपये किमतीच्या कादंबरीची १००० प्रतींची आवृत्ती सगळी खपली आणि छापील किमतीच्या १० टक्के मानधन मिळालं, तर हातात येतात ३०,००० रुपये. ती आवृत्ती खपायला तीन-चार वर्षंही लागू शकतात. स्वतःच्या अंकात तर संपादकाला पैसे मिळत नाहीत, बहुधा घालावेच लागतात.

तुम्ही बँकेत आहात म्हणून आणखी एक. सरकारी नोकर, बँक कर्मचारी आणि अनुदानित संस्थांतले शिक्षक यांनी आपापले सेवानियम आधी उघडून पाहावेत. साहित्यिक पुस्तक लिहायला सहसा आडकाठी नसते, पण नियतकालिकाची मालकी, व्यवस्थापन किंवा संपादन यासाठी पूर्वपरवानगी लागते. केंद्र सरकारच्या वर्तणूक नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, इतरत्रही साधारण तसंच असतं. परवानगी लेखी घ्या आणि अंकावर नाव जाण्याआधी घ्या. “साहेबांना माहीत आहे” हा काही कागद नव्हे.

वेळेची वाटणी वर्षावर करा, दिवसावर नको. सकाळी कादंबरी आणि संध्याकाळी अंक, असं ठरवलेलं आषाढापर्यंतही टिकत नाही. दुसऱ्याची कथा दुरुस्त करून उठलेला माणूस स्वतःच्या पानावर बसला की तिथंही दुरुस्त्याच करायला लागतो. पहिल्या खर्ड्याला ते मारक असतं. दिवाळीचा पाडवा ते गुढीपाडवा हे पाच चांद्रमास, म्हणजे जवळजवळ २१ आठवडे, कादंबरीला द्या. आठवड्यातून ५ दिवस, दिवसाला ६०० शब्द धरले तर ६३,००० शब्द होतात. डेमी १/८ या कादंबरीच्या नेहमीच्या आकारात पानाला ३०० शब्द बसतात असं मानलं, तर ही २१० पानांची कादंबरी झाली. चैत्र-वैशाखात खर्डा कपाटात टाका. ज्येष्ठ-आषाढापासून अंक हातात घ्या. तुमची कादंबरी निम्मी झाली आहे, म्हणजे यंदाचा अंक मित्रांना काढू द्या. तुम्ही पुढच्या वर्षी संपादक व्हा.

दिवाळी अंकाचं वेळापत्रक आणि छपाईचा हिशेब सविस्तर सांगाल का? गेल्या वर्षी आमचा अंक नरकचतुर्दशीला हातात आला आणि निम्मे गठ्ठे तसेच पडून राहिले.
— चार मित्र, बार्शी

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’नं १९०९ साली काढला, तेव्हापासून हा घोळ चालू असावा. कारण बहुतेक वेळा एकच असतं. वेळापत्रक इंग्रजी तारखांवर बेतलेलं असतं आणि दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. म्हणून टप्पे सणांवर बांधा. आषाढी एकादशीपूर्वी लेखकांना पत्रं गेली पाहिजेत. नागपंचमीला मजकूर घ्यायचं बंद. गणपती बसतील तेव्हा संपादन संपून पहिलं मुद्रित (प्रूफ) हातात हवं. पितृपक्षात दुसरं-तिसरं मुद्रित आणि पानं लावणं. घटस्थापनेला फाइल छापखान्यात, कोजागिरीला अंक बाहेर. अधिक महिना कुठे पडतो तेवढं मात्र पंचांगात बघून ठेवा. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा नागपंचमीपर्यंत एक महिना जादा मिळाला. २०२० साली अधिक आश्विन आला आणि पितृपक्ष संपल्यावर घटस्थापनेला महिना लागला.

जाहिरातींचं वेळापत्रक वेगळं, आणि गडबड होते ती इथेच. पितृपक्षात बरेच व्यापारी नवा व्यवहार ठरवत नाहीत. मग घटस्थापनेला सगळे एकदम “हो” म्हणतात आणि तुमची पानं तर लावून झालेली असतात. म्हणून होकार गणपतीच्या आधी घ्या आणि लेखी घ्या. तोंडी होकाराचं पान शेवटच्या आठवड्यात रिकामं पडतं. सोलापुरात पूर्व भागात जाणार असाल तर नारळी पौर्णिमा टाळा. त्या दिवशी मार्कंडेयाचा रथ असतो, कुणी दुकानात सापडणार नाही. साखर कारखान्यांकडे गाळपाच्या धांदलीआधी जा. पतसंस्था आणि सहकारी बँकांत जाहिरातीचा निर्णय सहसा संचालकांच्या बैठकीत होतो, तेव्हा बैठक कधी आहे ते आधी विचारून घ्या.

आता कागद. दिवाळी अंकाला रुळलेला आकार म्हणजे क्राउन १/४. २० × ३० इंची एका तावाच्या दोन्ही बाजूंवर १६ पानं बसतात, हाच एक फर्मा. अंक १७६ पानांचा असेल तर ११ फर्मे होतात. १००० प्रतींना ११,००० ताव लागतात. ५ टक्के वाया धरून ११,५५०, म्हणजे ५०० तावांच्या २३ रिमांच्या थोडं वर. या आकाराचा ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागद रिमाला साधारण साडेतेरा किलो भरतो, तेव्हा एकूण कागद ३१३ किलोच्या आसपास. त्या दिवशीचा किलोचा भाव विचारून गुणाकार करा. छापखान्याच्या अंदाजपत्रकातला कागद याहून फार वेगळा निघाला तर का, ते विचारा. पुष्कळदा जीएसएम बदललेला असतो.

पानांची संख्या १६च्या पटीत ठेवा, फार तर ८ पानांचा अर्धा फर्मा घ्या. १७८ पानं झाली तर वरच्या दोन पानांसाठी अर्धा फर्मा छापावा लागतो आणि ६ पानं रिकामी राहतात. मग त्यात कुणाच्या तरी कविता कोंबल्या जातात. दिवाळी अंकाच्या शेवटच्या कविता अशा का असतात, याचं उत्तर इथे आहे. रंगीत जाहिराती वेगळ्या आर्ट पेपरवर एकत्र छापून दोन फर्म्यांच्या मध्ये घाला. प्रत्येक फर्म्यात एकेक रंगीत पान ठेवलंत तर सगळेच फर्मे चार रंगांत चालवावे लागतील.

बांधणीत दोन चुका हमखास होतात. एक, मुखपृष्ठ करणारा पानं पक्की होण्याआधीच पुट्ठ्याची फाइल देऊन टाकतो. १७६ पानं म्हणजे ८८ पत्रं, या कागदात कणा साधारण ८ मिलिमीटर होतो. ऐन वेळी दोन फर्मे कमी झाले की कण्यावरचं नाव मलपृष्ठावर सरकतं. दुसरी, कागदाचा धागा. तो कण्याला समांतर हवा. आडवा असला तर परफेक्ट बाइंडिंगचा गोंद लागल्यावर पानं लाटांसारखी फुगतात आणि अंक उघडा राहत नाही. ताव कापण्याआधी एक तुकडा दोन्ही दिशांनी फाडून बघा. ज्या दिशेनं सरळ फाटतो, तिकडे धागा.

विक्रेत्याचं कमिशन किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा जास्तच असतं, आणि न खपलेल्या प्रती तुळशीचं लग्न झाल्यावर परत येतात. म्हणून पहिल्या वर्षी १००० छापू नका. ५०० छापा, त्यातल्या ३०० प्रतींचे पैसे सवलतीच्या किमतीत आगाऊ घ्या. उरलेल्या २०० प्रती जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपर्यंत हळूहळू जातील.

नियतकालिकाची नोंदणी कुठे करायची? आयएसबीएन घ्यायचा की आयएसएसएन?
— वाचक, पंढरपूर

१८६७चा जुना कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ लागू आहे आणि सगळं काम प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन चालतं. नावात अडकायला होतं. त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात तेच किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं असेल तर तुमचं नाव नाकारलं जातं. ‘साहित्य’, ‘शब्द’, ‘अक्षर’ यांच्या आगेमागे काहीतरी जोडून केलेली नावं बहुधा गेलेली असतात. तीन-चार पर्याय काढून ठेवा आणि पसंती येईपर्यंत मुखपृष्ठाच्या अक्षरांकनावर पैसे घालू नका.

हे ओळखक्रमांक आहेत: आयएसएसएन नियतकालिकाला, आयएसबीएन पुस्तकाला. भारतात दोन्ही फुकट मिळतात. “काढून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. छापून झाल्यावर १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत धाडायची असते. हे बहुतेक जण विसरतात. एक प्रत गावातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयातही द्या. तशी कायद्याची सक्ती नाही, पण तीस वर्षांनी तुमचा अंक शोधणारा तिथंच जाईल.

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी, शाळेत प्रमाण मराठी. एका अंकाच्या संपादकांनी माझ्या कथेतली सगळी बोली ‘शुद्ध’ करून छापली. न विचारता असं करता येतं का? आणि संपादनाची रीत असते तरी काय?
— वाचक भगिनी, दाजी पेठ

न विचारता करू नये, इतकं साधं आहे. शुद्धलेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ नियम प्रमाण लेखनासाठी आहेत. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा त्या नियमांतही आहे. “काय करलालास बे?” याचं “काय करतो आहेस रे?” केलं की सात रस्त्यावरचा पोरगा उचलून पुण्याच्या सदाशिव पेठेत नेऊन बसवल्यासारखं होतं.

पण लेखिकेकडेही थोडं काम आहे. बोली सुटते ती बहुधा लेखकाच्या हातून. पहिल्या पानावर ‘करलालास’, सहाव्यावर ‘करूलालास’, नवव्यावर ‘करायलास’, आणि तिन्ही एकाच माणसाच्या तोंडी. संपादकाला वाटतं ही छपाईची चूक, आणि तो सगळंच सरळ करून टाकतो. उपाय म्हणजे शब्दपत्रक. एका कागदावर पात्राचं नाव आणि त्याच्यापुढे तो वापरतो ती क्रियापदाची रूपं, ‘बे’ कुणाला म्हणतो आणि कुणाला नाही, आईला अम्मा म्हणतो की अव्वा. हे पत्रक कथेसोबतच पाठवा आणि वर लिहा, “ही रूपं जाणूनबुजून.” तेलुगू-कानडी शब्दांचे अर्थ कंसात देऊ नका. ‘अक्का’ म्हणजे थोरली बहीण, हे “अक्काच्या लग्नात मी चौथीत होतो” एवढ्यानंच कळतं.

आता संपादनाची रीत. चांगला संपादक मजकूर तीनदा वाचतो. पहिल्यांदा हातात काही न घेता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, पण दुरुस्ती न करता. जिथं लक्ष उडालं तिथं फक्त एक बारीक रेघ. रेघा पाठोपाठ दिसू लागल्या की अडचण वाक्यांची नसते, प्रसंगाची असते, आणि तो लेखकालाच पुन्हा लिहावा लागतो. तिसऱ्यांदा वाक्यं. हा क्रम उलटवणारे फार आहेत. पहिल्याच वाचनात ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसतात आणि कथा चौथ्या पानावर सुरू होते, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

तिसऱ्या वाचनात काय करायचं, त्याचा एक नमुना देतो. विडीकाम करणाऱ्या बाईच्या कथेची सुरुवात समजा अशी आहे:

“पहाटे पाच वाजता उठून ती नेहमीप्रमाणे आपल्या दैनंदिन कामाला लागली. तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. पानं रात्रीच भिजवून ठेवलेली होती आणि आज कसंही करून हजार विड्या पूर्ण करायच्याच होत्या, कारण उद्या पोरीची फी भरायची होती.”

‘नेहमीप्रमाणे’ आणि ‘दैनंदिन’ एकच सांगतात, दोन्ही गेले. काहूर कुणाच्याही मनात माजतं, तेही गेलं. ‘कारण’ काढलं की फीचं वाक्य आपल्या पायावर उभं राहतं. उरलं ते असं:

“पानं रात्रीच भिजवून ठेवली होती. पाचला उठून तिनं कात्री घेतली. आज हजार विड्या करायच्याच होत्या. उद्या पोरीची फी.”

इथं कात्री मूळ मजकुरात नव्हती. संपादकाला ती घालायचा अधिकार नाही, त्यानं समासात लिहायचं, “उठल्यावर पहिल्यांदा हातात काय घेते?” आणि लेखिकेला उत्तर देऊ द्यायचं. संपादक आणि सहलेखक यांच्यातली सीमा ती हीच. संपादक स्वतः कादंबरीकार असला की ती फार लवकर ओलांडली जाते, कारण त्याला उत्तर सुचलेलं असतं. ‘सत्यकथा’ मासिकाच्या संपादकांची ख्याती होती ती अशा प्रश्नांच्या पत्रांसाठी. मजकूर परत यायचा, पण सोबत कुठं काय अडलं ते यायचं.

नकारही तीन ओळींत देता येतो: काय वाचलं, कुठं अडलं, पुन्हा पाठवावं की नाही. ‘साभार परत’ एवढ्याच दोन शब्दांनी लेखक काही शिकत नाही, आणि दोन पानी प्रवचनानंही नाही. मजकूर आल्यापासून सहा आठवड्यांत उत्तर गेलं पाहिजे. तेवढं जमत नसेल तर मजकूर मागवूच नये.

जुन्या फाँटातली कादंबरी युनिकोडमध्ये आणली, तर शब्द फुटले. पुन्हा टाइप करायची का?
— अक्षरजुळणी करणारे वाचक, अशोक चौक

गरज नाही, पण डोळे लागतील. जुन्या फाँटांत अक्षर दिसतं तसं साठवलेलं असतं, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. फाँट बदलून देणाऱ्या परिवर्तकाला ती उचलून जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते आणि ‘स्थिती’, ‘व्यक्तिगत’, ‘निर्मिती’ अशा शब्दांत तो चुकतो. रफाराचंही तेच. असे पन्नासेक शब्द यादीत ठेवून प्रत्येक फाइलीत शोधा.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका जास्त वाईट. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो आणि ‘ॲ’सुद्धा. दिसायला एकसारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा राहून जातो. मजकूर हातात आल्याबरोबर सगळे एकाच प्रकारचे करून घ्या. ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी कोलन आहे का तेही पाहा, निम्म्या मजकुरांत असतो, आणि ओळीच्या शेवटी शब्द तिथंच तुटतो. अवतरणचिन्हं आणि डॅश परिवर्तनात हटकून बदलतात.

इनडिझाइनमध्ये अक्षरं सुटी पडत असतील तर फाँटला दोष देण्याआधी परिच्छेदाच्या रचनेत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला आहे का ते तपासा. दहातल्या आठ तक्रारी तिथंच मिटतात. छापखान्याला पीडीएफ देताना फाँट आत बसवलेले हवेत. आणि शेवटचं मुद्रित कागदावर काढून, ज्यानं तो मजकूर आधी वाचलेला नाही अशा माणसाला द्या. लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत; तो पाठ असलेलं वाचत असतो.

कादंबरीची काही प्रकरणं एका मासिकात येणार आहेत. पुढे पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे देता येईल का? मी त्या मासिकात पगारी उपसंपादक आहे.
— वाचक, अक्कलकोट

येईल, पण कागद बघून. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मासिकाच्या नोकरीत त्या मासिकासाठी लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क मालकाकडे जातो, तो फक्त नियतकालिकात छापण्यापुरता. पुस्तक, अनुवाद, चित्रपट हे बाकीचे हक्क लेखकाचेच राहतात. अर्थात वेगळा करार नसेल तरच. नेमणूकपत्रात “सर्व हक्क संस्थेकडे” अशी ओळ आहे का ते आज घरी गेल्यावर बघा. कादंबरी नोकरीच्या कामाचा भाग नाही असं दोन्ही बाजूंनी लिहून घेतलेलं पत्र असेल तर प्रश्नच मिटला.

प्रकाशकाशी करार करताना कलम १९ हाताशी ठेवा. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. दिलेला हक्क प्रकाशकानं वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, फक्त करारात तसं नाही असं लिहिलेलं नसावं. तेव्हा सही करण्याआधी चार जागा वाचा: मुदत, भाषा, ई-पुस्तक व श्राव्य पुस्तकाचे हक्क, आणि मानधन छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर. ग्रंथालयांना दिलेल्या सवलतीमुळे छापील किंमत आणि निव्वळ विक्री यांत बराच फरक पडतो. प्रतींचा हिशेब वर्षातून एकदा ३१ मार्चचा मागा.

संपादकानं स्वतःची कादंबरी स्वतःच्याच अंकात छापावी का?
— वाचक, मंगळवेढा

आपट्यांनी छापली, त्यांच्या काळी दुसरी जागाही फार नव्हती. आज छापू नये असं आमचं मत आहे. छापायचीच असेल तर त्या पानांपुरता दुसरा संपादक नेमा, त्याला नकाराचा अधिकार द्या, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत छापा. त्यानं एकही रेघ मारली नाही तर माणूस बदला.

टपालाचं काय? अंक आणि पुस्तक एकाच दरानं जातात का?
— वाचक, सांगोला

नाही. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, जास्तीत जास्त ५ किलो. कादंबरी त्यात जाईल. जाहिराती असलेला दिवाळी अंक त्यात बसत नाही, त्याचा दर टपाल कचेरीत वेगळा विचारा. वरच्या हिशेबातला १७६ पानी अंक मुखपृष्ठासकट ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि खाकी पाकिटानं वजनाच्या पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो. छापण्याआधीच त्याच कागदाचा कोरा नमुना बांधून घ्या, पाकिटात घाला आणि वजन करा. चार-पाच ग्रॅम जास्त भरला तर मुखपृष्ठाचा कागद ३०० वरून २५० जीएसएमवर आणा, त्याहून जास्त भरला तर पाकिटाऐवजी पातळ कागदी पट्टी गुंडाळा. पत्ता पट्टीवर नीट चिकटवा. सोलापूरच्या उन्हात साधा डिंक सुटतो.